नागपुरात जमले, ते केरळात का अडले?

२९ नोव्हेंबर १९७० ही तारीख ख्रिस्ती समाजाबाहेर फारशी कुणाच्या लक्षात नाही, आणि समाजातही नव्या पिढीला ती सांगावी लागते. त्या दिवशी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चचे मिळून एक चर्च झाले. त्याचे नाव ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजे सीएनआय. या सहांत राजाश्रय लाभलेले अँग्लिकन होते. बिशप ही कल्पनाच न मानणारे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल होते. ते १९२४ मध्येच ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ या नावाने एकत्र आले होते. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते, ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ होते. यांच्या पूर्वजांनी युरोपात एकमेकांविरुद्ध नुसती पुस्तके लिहिली नव्हती, तलवारी उपसल्या होत्या. बिशप लादले जाऊ नयेत म्हणून स्कॉटलंड १६३९ मध्ये राजाशी लढले होते. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायचा की समजत्या वयात स्वतःच्या विश्वासाने घ्यायचा, या प्रश्नावर झुरिकमध्ये १५२७ साली फेलिक्स मांझ याला नदीत बुडवून ठार केले होते.

नागपुरात हे दोन्ही प्रश्न सुटले, आणि ते कसे सुटले हे बारकाईने पाहण्याजोगे आहे.

पहिला प्रश्न पाळकांच्या दीक्षेचा. अँग्लिकनांच्या मते प्रेषितांपासून चालत आलेल्या बिशपांच्या परंपरेतून हात ठेवला गेला तरच दीक्षा पूर्ण. मग ज्या मंडळ्यांत बिशपच नाहीत, तिथल्या पाळकांनी वर्षानुवर्षे वाढलेले प्रभुभोजन खोटे मानायचे का? कुणीही स्वाभिमानी प्रेस्बिटेरियन ‘माझी दीक्षा अपुरी होती, पुन्हा द्या’ असे म्हणणार नव्हता. म्हणून असे ठरले, की एका चर्चच्या प्रतिनिधींनी गुडघे टेकायचे आणि इतरांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करायची. मग हेच उलट बाजूने करायचे. अँग्लिकन बिशपांच्या मस्तकावरही बिशप नसलेल्यांचे हात आले. कुणात काय कमी आहे ते देव जाणतो, त्याने ते भरून काढावे, एवढीच मागणी. दुसरा प्रश्न बाप्तिस्म्याचा. त्यावर नियम असा झाला, की आईवडिलांनी ठरवावे. त्यांना वाटले तर बाळाला बाप्तिस्मा द्यावा; नाहीतर बाळाचे समर्पण करून आशीर्वाद मागावा आणि मूल मोठे झाल्यावर बाप्तिस्म्याचा निर्णय त्याच्यावर सोडावा. एकाच चर्चमध्ये दोन्ही चालतील.

१९२९ मध्ये सुरू झालेल्या बोलण्यांना इथवर यायला चार दशके लागली. मसुदे फाटले, नव्याने लिहिले गेले. पण शेवटी जमले.

आता केरळकडे पाहू. तिथे मलंकारा चर्चचे दोन गट आहेत, ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट. दोघांची उपासना सिरियन परंपरेची, एकच. दोघांचा विश्वासाचा अंगीकार एकच, बाप्तिस्मा एकच, उपवासाचे दिवस आणि संतांची नावेही बहुतेक तीच. वाद आहे तो एवढाच, की सर्वोच्च मान सिरियात बसणाऱ्या, अँटिओकच्या परंपरेतील पॅट्रिआर्कचा, की कोट्टायमला बसणाऱ्या कॅथोलिकॉसचा. आणि त्यावर अवलंबून, की गावातल्या चर्चची किल्ली कुणाकडे. १९१२ पासून हे भांडण चालू आहे. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्याच वर्षी समेट झाला, सत्तरच्या दशकात तो मोडला. १९९५ मध्ये पुन्हा निकाल. ३ जुलै २०१७ रोजी तिसरा मोठा निकाल : मलंकारा चर्चचा सगळा कारभार १९३४ च्या घटनेप्रमाणेच चालेल. हजाराहून अधिक चर्चचा प्रश्न या निकालाने ऑर्थोडॉक्स गटाच्या बाजूने लागला. कागदावर लागला, असे म्हणायला हवे. कारण २०१९ मध्ये पिरवमच्या जुन्या चर्चमध्ये जेकोबाइट मंडळी फाटके लावून आत बसली, आणि त्यांना बाहेर काढायला पोलीस आणावे लागले.

सगळ्यात वाईट घडले ते कबरस्तानांत. ज्या चर्चचा ताबा ऑर्थोडॉक्स गटाकडे गेला, तिथल्या जेकोबाइट कुटुंबांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेजारी माणूस पुरायचा, तर समोरच्या गटाच्या पाद्र्याच्या हातून अंत्यविधी करून घ्यावा लागणार. आपल्या पाद्र्याला फाटकाबाहेर उभे करून दुसऱ्याच्या हातून आईला निरोप देणे कुणाला सोसेल? अलप्पुळा जिल्ह्यातील कट्टचिरा येथे एका वृद्धेचा मृतदेह महिन्याहून अधिक काळ घरीच शवपेटीत ठेवावा लागला. अखेर राज्य सरकारने मध्ये पडून २०२० साली खास याच दोन गटांसाठी दफनाच्या हक्काचा कायदा केला. त्यानुसार गावच्या कबरस्तानातल्या वडिलोपार्जित जागी माणूस पुरण्याचा अधिकार कुटुंबाला मिळाला, आणि तिथल्या पाद्र्याकडूनच विधी करून घेण्याची सक्तीही उरली नाही. प्रार्थना दुसरीकडे करा आणि इथे फक्त पुरा, अशी ही तडजोड. ख्रिस्ती माणसांना ख्रिस्ती माणूस पुरता यावा म्हणून विधानसभेला कायदा करावा लागला, यापेक्षा दुःखाची गोष्ट भारतीय चर्चच्या अलीकडच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

नागपूर आणि केरळ शेजारी शेजारी ठेवले, की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्यांची शिकवण वेगळी होती ते एक झाले. ज्यांची शिकवण एकच आहे ते एका कबरस्तानात मावत नाहीत. म्हणजे चर्च फुटते ते धर्मशास्त्रामुळे, हा जो समज ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर दोघांतही पक्का आहे, तो अर्धाच खरा. धर्मशास्त्राचे मतभेद प्रामाणिक असतात आणि प्रामाणिक माणसांना त्यांतून वाट काढता येते. वाट अडवतात त्या तीन गोष्टी : मालमत्ता, पद आणि जात. चर्चच्या ऐक्याविषयी बोलताना नेमके यांच्याविषयीच मौन पाळले जाते.

महाराष्ट्राला हे परके नाही. इथल्या प्रोटेस्टंट माणसाचा पंथ त्याने निवडलेला नसतो. त्याच्या गावात कोणते मिशन आधी पोचले, त्यावर तो ठरला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेले. त्यामुळे नगर, सोलापूरकडची मंडळी काँग्रिगेशनल झाली. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. नागपूर आणि जालना स्कॉटिश मिशनकडे गेले, बुलढाणा नाझरीनकडे, अकोला-अमरावती अलायन्स मिशनकडे. मिशनऱ्यांनी आपसात प्रदेश वाटून घेतले होते, एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जाऊ नये म्हणून. हेतू चांगला होता, पण तो नेहमी पाळला गेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँग्लिकनांचे एसपीजी मिशन नगर जिल्ह्यात आले, तेव्हा अमेरिकन मिशनशी चांगलीच तेढ निर्माण झाली. नगरच्या महारवाड्यातून नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या माणसाला इंग्लंडच्या राजघराण्याशी निगडित चर्च आणि न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांची परंपरा यांतला फरक कसा कळावा? त्याला शाळा हवी होती, वैद्य हवा होता, आणि माणूस म्हणून उभे राहायला जागा हवी होती. भांडण त्याचे नव्हतेच, पण ते त्याच्या पोरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपर्यंत पोचले.

हे पहिल्यांदा स्पष्टपणे ज्यांच्या लक्षात आले, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण इंग्लंडमध्ये एकाच ख्रिस्ताच्या नावाने चालणारे इतके पंथ पाहून त्या चक्रावल्या. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने आला आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आलेली बाई दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे बिनशर्त मान तुकवायला तयार नाही, हे त्या पत्रांत पानोपानी दिसते. सिस्टर जेराल्डिनना तो उर्मटपणा वाटला. आज वाचताना तो विवेकाचा आवाज वाटतो. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी निरनिराळ्या देशांच्या आणि पंथांच्या माणसांना कामाला घेतले. कुठल्याही एका पंथाचा शिक्का आपल्या संस्थेवर बसू दिला नाही.

नारायण वामन टिळकांची वाट वेगळी, पण वळण तेच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तिथे भाऊ म्हणून येऊ शके. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची भजने मात्र टिकली. मराठी प्रोटेस्टंट मंडळी कोणत्याही पंथाची असो, रविवारी ‘उपासना संगीत’ उघडले की टिळक भेटतातच. पाळकांच्या परिषदांना जे साधायला चाळीस वर्षे लागली, ते मराठी मंडळ्यांच्या गळ्यातून आधीच होऊ लागले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ज्या महिन्यात टिळक गेले, त्याच मे १९१९ च्या सुरुवातीला तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीत काही पाळक जमले होते. जवळपास सगळे भारतीय. त्यांचे पुढारी होते व्ही. एस. अझरया, डोर्नकलचे बिशप, १९१२ मध्ये अभिषेक झालेले अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. त्यांच्या जाहीरनाम्याचा आशय साधा होता : ही फूट आम्ही घडवली नाही, ती आमच्यावर बाहेरून लादली गेली, आणि ती कायम राहावी अशी आमची इच्छा नाही. अझरया तेलुगू खेड्यांत काम करत होते. मालांच्या वस्तीत एक पंथ आणि मादिगांच्या वस्तीत दुसरा पंथ गेला, तर दोन जाती दोन चर्च होऊन कायमच्या वेगळ्या राहतील, हा धोका त्यांच्या डोळ्यांसमोर होता. म्हणून त्यांना ऐक्य ही परिषदेत चघळण्याची गोष्ट वाटत नव्हती.

अझरया १ जानेवारी १९४५ रोजी वारले. ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ म्हणजे सीएसआय जन्मले ते २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये. स्वातंत्र्य मिळून सहा आठवडे झाले होते, उत्तरेत फाळणीचे रक्त सांडत होते, आणि दक्षिणेत बिशप मानणारे आणि न मानणारे एका चर्चमध्ये येत होते. बिशप असलेले आणि बिशप नसलेले चर्च असे रीतसर एक होण्याची ही जगातली पहिली मोठी घटना. इंग्लंडमध्ये तिचे स्वागत झाले असे कुणी समजू नये. कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ मध्येच या योजनेविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. दक्षिण भारतातल्या या सलोख्याने इंग्लंडच्या चर्चचा पाया खचेल, अशी त्यांना भीती वाटत होती. कितीतरी वर्षे सीएसआयला अँग्लिकन बिरादरीत पुरते सामावून घेतले गेले नाही. तेलुगू मुलखातल्या नंद्याल भागातील अनेक अँग्लिकन कुटुंबांनीही या ऐक्याला नकार दिला. तरी भारतीयांनी माघार घेतली नाही. युरोपातल्या चर्चना जे चारशे वर्षे जमले नव्हते, ते करून दाखवण्याचा मान या देशाकडे जातो, आणि त्याचा अभिमान ख्रिस्ती नसलेल्या भारतीयांनीही बाळगावा असा तो आहे.

पण अभिमान बाळगताना पुढचेही बोलायला हवे.

नागपूरच्या योजनेत सातवे चर्चही होते. अमेरिकन परंपरेचे ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’, आणि ते लहानसहान नव्हते. सगळ्या वाटाघाटींत ते सहभागी होते. विलीनीकरणाला काही महिने उरले असताना त्याने पाऊल मागे घेतले. त्याच परंपरेचे पाकिस्तानातले मेथडिस्ट मात्र नोव्हेंबर १९७० मध्येच लाहोरच्या ‘चर्च ऑफ पाकिस्तान’मध्ये सामील झाले. शिकवण तीच, पुस्तके तीच. मग लाहोरला जे चालले ते लखनौ-मुंबईला का चालू नये? उत्तर शिकवणीत नाही. संस्था कुणाच्या ताब्यात राहणार, अमेरिकेशी असलेला संबंध तुटणार का, बिशप किती वर्षे पदावर राहणार, असे ते प्रश्न होते. ते प्रश्न खोटे नव्हते, पण ते विश्वासाचेही नव्हते.

आणि जे आत आले, त्यांचे काय झाले? विलीनीकरणाचा ठराव करणे एक, आणि जमिनीच्या कागदांवर नाव चढणे दुसरे. मिशनने शाळा, दवाखाने, बंगले आणि त्यांच्याभोवतीची विस्तीर्ण मैदाने ट्रस्टच्या नावे ठेवली होती. मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्त बदलला तरी धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो; ट्रस्टच विलीन करायचा तर त्याची वेगळी प्रक्रिया आहे. १९७० च्या उत्साहात हे सगळीकडे नीट झाले नाही. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद खालच्या कोर्टापासून चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की मंडळीने ठराव केला म्हणून ट्रस्ट आणि त्याची मालमत्ता आपोआप सीएनआयकडे जात नाही. विलीनीकरणाला तोवर ४३ वर्षे झाली होती. नागपुरात ज्यांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवले, त्यांच्या नातवंडांना वकिलांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

महाराष्ट्रातही जुन्या मिशनच्या नावाने अजून चालणारे ट्रस्ट आणि नंतरची चर्च यांच्यातले दावे न्यायालयांत पडून आहेत. शहरांच्या मध्यावरच्या त्या जागांची किंमत आता इतकी झाली आहे, की कुणी ना कुणी ‘खरे वारस आम्हीच’ म्हणत पुढे येतो. एकीकरणामुळे अधिकारही एका जागी गोळा झाला. २०२२ मध्ये सीएनआयच्या तत्कालीन मॉडरेटरना, म्हणजे सर्वोच्च पदाधिकाऱ्याला, मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने शाळांच्या फीचे पैसे वळवल्याच्या आरोपावरून नागपूर विमानतळावर अटक केली. आरोपांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम. पण ज्या शहरात हे चर्च जन्मले, त्याच शहरातून ही बातमी यावी, याने कितीतरी साध्या भाविकांची मान खाली गेली. दर रविवारी दानपेटीत दहा-वीस रुपये टाकणाऱ्या माणसाला आपल्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क आहे. हिशेब मिळत नाही, तेव्हा तो निमूटपणे उठतो आणि चाळीतल्या एखाद्या नव्या प्रार्थनागटात जाऊन बसतो. मग त्याला ‘फुटीर’ म्हटले जाते.

तिसरी गोष्ट जातीची, आणि ती सगळ्यांत जुनी. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना पत्र लिहून चर्चमधला जातिभेद तात्काळ बंद करायला सांगितले. वेगळी आसने नकोत, प्रभुभोजनाला वेगळी रांग नको. तंजावरच्या वेल्लाळ ख्रिस्ती कुटुंबांना ते मानवले नाही. त्यांतली अनेक पुढे लायप्झिगच्या लुथरन मिशनकडे गेली, कारण ते मिशन जातीच्या बाबतीत सबुरीचे होते. लुथरची शिकवण पटली म्हणून ती गेली नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या परयाच्या ओठाला लागलेला पेला आपल्या ओठाला लागू नये म्हणून गेली होती.

हे इतिहासात जमा झाले असते तर बरे होते. तिरुचिरापल्लीच्या मेलापुदूर येथील कॅथलिक कबरस्तानात दलितांच्या आणि इतरांच्या कबरींच्या मध्ये भिंत बांधली गेली आणि आंदोलने होऊनही ती वर्षानुवर्षे टिकली. विळुप्पुरम भागातल्या एरैयूर गावात २००८ च्या मार्चमध्ये वन्नियार कॅथलिक आणि दलित कॅथलिक यांच्यात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. दलितांची मागणी काय होती? आम्हाला वेगळी पॅरिश द्या. गोव्यातही अनेक गावांत चर्चच्या सणांचा मान आणि कोंफ्रारीचे, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळाचे, सभासदत्व जातीवर ठरत आले आहे, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे झाले आहेत. पोप एक, मिस्सा एक, धर्मप्रांत एक. तरी मेल्यावर मध्ये भिंत. कॅथलिक चर्चमध्ये पंथांची फूट नाही, म्हणून तिथे ऐक्य आहे असे मानणाऱ्याने मेलापुदूरला जाऊन यावे.

एरैयूरच्या मागणीमुळे एक आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. ऐक्य नेहमीच चांगले असते का? नसते. वरिष्ठ जातीच्या पंगतीत शेवटच्या बाकावर बसून राहणे याला जर ऐक्य म्हणायचे असेल, तर उठून बाहेर जाणारा माणूस बरोबर आहे. रमाबाई एका चौकटीत मावल्या नाहीत, टिळक मिशनच्या पगारातून बाहेर पडले. दोघांनीही चर्च दुबळे केले नाही. ज्याने वेगळी पॅरिश मागितली त्याला दोष देण्याआधी, त्याला ती का मागावी लागली, हे विचारायला हवे. फूट पाडणारा निघून गेलेला नसतो, अनेकदा तो पहिल्या बाकावर बसलेला असतो.

कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे लेखी मान्य केले, ही मोठी गोष्ट झाली. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. त्याआधी, २०१३ च्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहासाठी जगभरच्या चर्चना प्रार्थनेचा मजकूर तयार करून देण्याचे काम भारतातल्या ‘स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट’कडे आले, तेव्हा त्या विद्यार्थ्यांनी मध्यभागी ठेवला तो दलितांचा प्रश्न. रोम, जिनिव्हा आणि कॉन्स्टँटिनोपलच्या वादांची उजळणी करण्याऐवजी त्यांनी सांगितले, की आमच्या देशात चर्च दुभंगते ते इथे. अझरयांना जे डोर्नकलच्या खेड्यांत दिसले होते, ते शंभर वर्षांनी विद्यार्थ्यांना दिसले.

दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाकारणारा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. दरवर्षी त्या दिवशी निषेध होतो, आणि तेव्हा कॅथलिक, सीएनआय, सीएसआय, लुथरन सगळे एका व्यासपीठावर येतात. सरकारकडे न्याय मागताना जर एका रांगेत उभे राहता येते, तर प्रभुभोजनाला आणि दफनाला का येऊ नये? सीएसआय, सीएनआय आणि मार थोमा या चर्चनी १९७८ मध्ये संयुक्त परिषद स्थापन केली. एकमेकांची प्रभुभोजने आणि एकमेकांचे पाळक त्यांनी मान्य केले, नाव आणि कारभार आपापले ठेवून. एकच मोठी संस्था उभारण्यापेक्षा हा मार्ग अधिक समंजस वाटतो. मालमत्ता एकत्र केली नाही, तर तिच्यावरून भांडणही नाही.

देशातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची राष्ट्रीय परिषद, एनसीसीआय, १९१४ पासून काम करते आणि तिचे मुख्यालय नागपुरातच आहे. तिने, आणि कॅथलिक बिशपांच्या परिषदेने, तीन गोष्टी हाती घ्याव्यात. चर्चच्या प्रत्येक ट्रस्टचा वार्षिक ताळेबंद मंडळीच्या फलकावर मराठीत, तमिळमध्ये, जी तिथली भाषा असेल तिच्यात लावावा. लेखापरीक्षकाच्या सहीसह, पाळकाच्या निवेदनाशिवाय. जातीवरून आसन, रांग किंवा सभासदत्व ठरवणाऱ्या पॅरिशची आणि मंडळीची नावे दरवर्षी जाहीर व्हावीत, आणि तिथे बिशपांनी सणाचा विधी करायला जाऊ नये. आणि कोणत्याही ख्रिस्ती कबरस्तानात कोणत्याही बाप्तिस्मा झालेल्या माणसाला, त्याच्या कुटुंबाच्या पसंतीच्या पाळकाच्या हातून, विनाअट जागा मिळावी.

यांतली तिसरी गोष्ट उद्यापासून करता येईल. तिला धर्मपरिषद लागत नाही, कुणाची शिकवण बदलावी लागत नाही, कुणाचा सातबारा फिरवावा लागत नाही. मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत कितीतरी वर्षांपासून वेगवेगळ्या पंथांची माणसे एकाच आवारात पुरली जातात, आणि त्यामुळे कुणाच्याही विश्वासाला धक्का लागल्याचे कुणी सांगत नाही. जागेच्या टंचाईने शहराने जे करायला लावले, ते खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांनी आपण होऊन करायचे आहे. त्यासाठी बिशपांच्या सहीचे एक परिपत्रक पुरते, आणि ते काढायला जानेवारीतल्या ऐक्य सप्ताहाची वाट पाहण्याचेही कारण नाही.